ट्रॅक्टरवर बंदूक : आधी रिकामी, मग झाकलेली, मग कुलपात

आरोग्याच्या पानावर बंदुकीचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आपल्या वस्तीत बंदुकीचा परवाना असलेली घरे किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण परवाना ज्याच्या नावावर असतो, दरवेळी बंदूक तोच उचलतो असे नाही. काजूच्या, केळीच्या, सुपारीच्या बागेत रात्री राखणीला कोण जाते? पॉवर टिलर, ट्रॅक्टर कोण चालवतो? "ती बंदूक घे आणि हो पुढे" असे मालकाने सांगितले की ती कोणाच्या खांद्यावर येते? आणि त्याच ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मागे कोण बसलेले असते? बार चुकून उडाला तर छरे मालक आणि गडी असा भेद करत नाहीत. मात्र बंदुकीच्या जवळ बसायची पाळी बहुतेक वेळा कष्ट करणाऱ्यावर येते. म्हणून हा विषय आपला आहे.

आपल्या जिल्ह्यात बंदूक कशासाठी?

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये चिंचोळी वाळूची पट्टी. इथे रानडुकरांचा त्रास वरच्या गावांएवढा नाही. पण आपली माणसे मोलमजुरीला आणि नात्यागोत्याला कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, दोडामार्गकडे जातात. तिथे भातात रानडुकरे घुसतात, माकडे नारळ-केळीची नासाडी करतात, गवे उभे पीक तुडवतात. २००२ पासून दोडामार्ग भागात कर्नाटकातून हत्तीही येऊ लागले. त्यामुळे सिंधुदुर्गात शेती संरक्षणासाठी बंदुकीचे परवाने दिले जातात. त्यात ठासणीच्या बंदुका बऱ्याच, काही काडतुसाच्या. निवडणूक आली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. मग एरवी घरात किंवा मांगरात असणारी बंदूक रस्त्यावर येते आणि जे वाहन हाताशी असेल त्यावर चढते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर मारायलाही वन विभागाची परवानगी लागते. पिकाचे नुकसान झाले तर पंचनामा करून वन विभागाकडे भरपाई मागता येते. तो अर्ज वेळेत करा.

उघड्या ट्रॅक्टरवर धोका का वाढतो?

आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर उघडे असतात. चालकाभोवती केबिन नाही, दार नाही, वस्तू ठेवायला धड जागा नाही. मग बंदूक मडगार्डला टेकवतात, सीटमागे अडकवतात, मांडीवर आडवी धरतात किंवा पट्ट्याने पाठीवर टाकतात. या चारही जागा वाईट आहेत.

पहिले कारण हादरे. शेताच्या बांधावरून आणि चिऱ्यांच्या वाटेवरून जाताना ट्रॅक्टर सतत आदळतो. जुन्या बंदुकीचा घोडा ज्या खाचेत अडकतो ती खाच झिजलेली असते. बंदूक घसरून पडली किंवा घोड्याला दणका बसला, तर चापाला बोट न लागताही बार उडू शकतो. किनाऱ्याची खारी हवा लोखंडाला लवकर गंज चढवते. गंजलेला घोडा कधी अडकतो, कधी अवचित सुटतो.

दुसरे कारण अडकणे. चापात फांदी, दोरी, गोणपाटाचा धागा किंवा लहान मुलाचे बोट, काहीही अडकू शकते. पाठीवरचा पट्टा तर मागच्या फिरत्या शाफ्टजवळ मुळीच नको. तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पट्टा, ओढणी, साडीचा पदर त्यात सापडला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

तिसरे कारण ठासणीच्या बंदुकीचे खास आहे. तिच्यात आधी दारू, मग छरे, असे गजाने ठासून भरतात. हादऱ्यांनी आतला ठासा पुढे सरकला आणि दारू व छरे यांत पोकळी पडली, तर बार उडवताना नळी फुगते किंवा फुटते. नळीच्या तोंडात वाळू किंवा चिखल गेला तरी तोच धोका. नळी फुटली की इजा होते ती उडवणाऱ्याच्याच हाताला, डोळ्याला आणि तोंडाला.

चौथे कारण आग. ठासणीची काळी दारू एका ठिणगीने पेटते. सायलेन्सर, तापलेले इंजिन आणि विडी या तिन्हींपासून ती दूर हवी. दारूची पिशवी टूलबॉक्समध्ये लोखंडी पान्यांबरोबर टाकू नका.

पाचवे कारण फार साधे आणि फार घातक. ट्रॉलीत आडवी पडलेली बंदूक खाली उभा असलेला माणूस नळीला धरून आपल्याकडे ओढतो. चाप कशाला तरी अडकतो आणि नळी नेमकी त्याच्या पोटाकडे असते. बंदूक नेहमी दस्त्याकडून उचला. नळीचे तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्याकडे येईल अशी ती कधीही ओढू नका.

मग न्यायची कशी?

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे न नेणे. शेत जवळ असेल तर परवानाधारकाने रिकामी बंदूक हातात घेऊन चालत जावे आणि ट्रॅक्टर वेगळा न्यावा. न्यावीच लागली तर हा क्रम पाळावा.

१. बंदूक घरीच रिकामी करा. काडतुसाची असेल तर ती मोडून काडतुसे काढा आणि नळ्या मोकळ्या दिसतात का ते पाहा. ठासणीची असेल तर शेतात पोचेपर्यंत भरूच नका. टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, असे अनेकजण समजतात. ते खोटे आहे. दारू आणि छरे आत असेपर्यंत ती भरलेलीच.

२. ठासणीची बंदूक रिकामी आहे की नाही हे गजावरून ओळखा. रिकाम्या नळीत गज टाकून नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवा. पुढे कधीही गज टाकल्यावर खूण बाहेर उरली, तर आत काहीतरी आहे. तपासताना टोपी लावलेली नसावी आणि चेहरा व हात नळीच्या समोर नसावेत. नळीत डोकावू तर नकाच.

३. बंदूक भरलेली निघाली तर ती ट्रॅक्टरवर चढवायची नाही. परवानाधारकानेच ती रिकामी करायची. त्याला जमत नसेल तर परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याला विचारायचे.

४. रिकामी बंदूक जाड कापडाच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत पूर्ण झाका. ती लाकडी किंवा पत्र्याच्या लांब पेटीत ठेवा, आत गोणपाट घाला, पेटीला कुलूप लावा आणि ती वाहनाला घट्ट बांधा. किल्ली परवानाधारकाच्या खिशात.

५. काडतुसे, टोप्या आणि दारू बंदुकीबरोबर एका पेटीत नकोत. त्या झाकणाच्या वेगळ्या, कोरड्या डब्यांत ठेवा.

६. ज्या ट्रॉलीत माणसे बसली आहेत तिच्यात बंदूक नको. खरे तर ट्रॉली माल वाहण्यासाठी असते आणि मडगार्ड ही बसायची जागा नव्हे. ट्रॅक्टर उलटला की आधी तिथलीच माणसे चाकाखाली येतात.

७. दारू पिऊन बंदुकीला हात नाही, स्टिअरिंगलाही नाही. याला सूट नाही.

अमेरिकेत शेतावर बंदूक बाळगणारे पुष्कळ आहेत. तिथल्याही अनेक राज्यांत वाहनात भरलेली लांब बंदूक नेण्यास बंदी आहे. कारण तेच : चालते वाहन आणि भरलेली बंदूक यांची जोडी जमत नाही.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक पूर्ण झाकलेली आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवी. मालवण-तारकर्ली-देवबाग हा पर्यटकांनी गजबजलेला रस्ता सार्वजनिक ठिकाणच आहे. तिथे खांद्यावर उघडी बंदूक टाकून ट्रॅक्टर चालवणे चालत नाही.

मजुरी करणाऱ्या आपल्या भावांनी पुढची गोष्ट पाठ करावी. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना त्या माणसाचा असतो, घराचा किंवा बागेचा नव्हे. दुसऱ्याची बंदूक नेताना परवानाधारक स्वतः सोबत हवा, नाहीतर त्याची लेखी परवानगी हवी. तीही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा त्याच्या स्वतःच्या वापरासाठीच चालते. "सांग माझे नाव" हे तोंडी वाक्य पोलिसांसमोर उपयोगाचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगल्यास कमीत कमी दोन वर्षे कैद होऊ शकते. बेपर्वाईने बंदूक वापरून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकाने बंदूक हातात दिली तर सरळ म्हणा, "तुम्ही सोबत चला, नाहीतर लिहून द्या." यात उर्मटपणा काही नाही. कोर्टात उभे राहायची पाळी तुमच्यावर येणार आहे.

छरे लागले तर

आता आमचे नर्सिंगचे काम. पहिल्या दहा मिनिटांत जवळच्या माणसाने काय केले, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आधी ट्रॅक्टर बंद करा आणि बंदूक बाजूला करा, म्हणजे दुसरा बार उडणार नाही. लगेच १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिका मोफत आहे. गावाचे नाव आणि जवळची खूण नीट सांगा.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी जोरात दाबा. सारखे उचलून पाहू नका. कापड भिजले तर वर दुसरे ठेवा. हाता-पायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या चार बोटे वर, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा. तिच्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पोचेपर्यंत ती सोडू नका. सुतळी किंवा तार वापरू नका.

छरे उकरून काढू नका. हळद, चुना, कॉफी, शेण, माती काहीही लावू नका. खायला-प्यायला देऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. छऱ्याचे भोक मसुराएवढे दिसले तरी आत आतडे किंवा फुप्फुस फाटलेले असू शकते. म्हणून "किरकोळ आहे" म्हणून घरी ठेवू नका. डोळ्याला लागले तर चोळू नका, धुऊ नका, दाबू नका. डोळ्यावर कागदी कप उपडा ठेवून हलकेच बांधा. दारूने भाजले तर भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडा. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायला विसरू नका. देवबागेतून आधी मालवणचे ग्रामीण रुग्णालय गाठा. पुढे गरज पडली तर ओरोसचे जिल्हा रुग्णालय आहे.

पोलिसांच्या भीतीने उशीर करू नका

२०२५ च्या जानेवारीअखेरीस पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काहीजण रानडुकराच्या शिकारीला गेले होते. सोबत्याच्याच गोळीने एकाचा जीव गेला. सोबत्यांनी घाबरून ते काही दिवस दडवून ठेवले. अशी भीती आपल्या वस्त्यांतही आहे. पोलीस केस होईल, डॉक्टर हात लावणार नाही, मालक अडचणीत येईल, असे म्हणत जखमीला घरात ठेवले जाते आणि रक्त वाहत राहते.

१९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे, की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, त्याने जखमीवर आधी उपचार केलेच पाहिजेत. पोलिसांची कागदपत्रे त्यानंतर. डॉक्टर पोलिसांना कळवतील, ते त्यांचे काम आहे. आपले काम माणूस जिवंत पोचवण्याचे. काय झाले ते डॉक्टरांना खरे सांगा : कोणती बंदूक, किती अंतरावरून, केव्हा. "झाडावरून पडला" असे सांगितले तर डॉक्टर छरे शोधणार नाहीत आणि उपचार चुकतील.

महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर घ्या. आपल्या वस्तीतून राखणीला आणि टिलरवर जाणाऱ्यांची नावे काढा. त्यांच्या घरी हे पान वाचून दाखवा. घरातून निघताना त्यांना तीन प्रश्न विचारायची सवय लावा : बंदूक कोणाची? तो सोबत आहे का? ती रिकामी आहे हे तू स्वतः पाहिलेस का? तिन्ही उत्तरे ठीक असतील तरच तिला हात लावू द्या.