धर्माचा रकाना आणि जातीचा दाखला

महाविद्यालयांतील प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयासमोर जी रांग लागते, तिच्यापाशी तासभर बसले तर आपल्या समाजाचे जे दर्शन घडते ते ग्रंथालयात महिनाभर बसूनही घडत नाही. काही वर्षांपूर्वी प्रवेश समितीचा सभासद म्हणून अर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. मी राहतो त्या पिंपरीच्या संत तुकाराम नगराजवळच्याच एका वसाहतीतला मुलगा अर्ज घेऊन पुढे आला. वडील भोसरीच्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करणारे, मूळ गाव नेवासे तालुक्यातले. शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ अशी नोंद होती. अर्जावर मात्र त्याने जातीच्या रकान्यात ‘महार’ आणि धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ असे लिहिले होते. मी त्याला म्हणालो, “अरे, दाखल्यावर आहे तेच लिही. फीची सवलत जाईल.” तो म्हणाला, “सर, दाखल्यावरचे मास्तरांनी पणजोबांच्या जातीवरून लिहिले आहे. आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती आहोत. ते कसे पुसू?”

त्याने ते पुसले नाही. अनुसूचित जातीची सवलत त्याला अर्थातच मिळाली नाही, आणि पहिल्या वर्षाच्या फीसाठी वडिलांनी कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढले. एखाद्या निवडीची खरी किंमत ती करताना सोडलेल्या संधीत मोजावी, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. त्या दिवशी माझ्यासमोर एका अठरा वर्षांच्या मुलाने आपल्या श्रद्धेची किंमत मोजली, आणि मी, त्याचा शिक्षक, त्याला लबाडीचा सल्ला देत होतो. ही गोष्ट अजून मला सलते.

या मुलाचा समाज आपल्याला अपरिचित आहे असे नाही. आपण त्याची ओळख करून घेतली नाही, इतकेच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरला, ठाणे दिले. ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक तेथूनच १८४२ साली निघू लागले. आरंभी काही ब्राह्मण कुटुंबांनी हा धर्म स्वीकारला आणि त्यावर गदारोळ माजला. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगर जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून जे लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले ते प्रामुख्याने महार आणि मांग होते. पिंपरी, भोसरी, चाकणचे कारखाने जसे वाढत गेले तसे नगर आणि मराठवाडा येथून लोक या पट्ट्यात पोटासाठी आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची उपासनाही आली.

ही उपासना परदेशी आहे असा एक दृढ समज आहे. तो बाळगणाऱ्यांनी एखाद्या रविवारी अशा मंडळीत जाऊन बसावे. टाळ, पेटी आणि मृदंग यांवर भजने चालतात, ख्रिस्तचरित्रावर कीर्तन होते, प्रार्थनेतली मराठी पुष्कळदा आपल्या वर्तमानपत्रांहून शुद्ध असते. देव एक आहे, तो पित्यासारखा आहे, त्याने ख्रिस्ताच्या रूपाने मनुष्यांची दुःखे भोगली, बाप्तिस्मा घेतलेले सर्व एका शरीराचे अवयव आहेत आणि प्रभुभोजनाच्या मेजापाशी कोणी वरचा नाही की खालचा नाही, हा त्यांच्या विश्वासाचा गाभा. ज्याच्या पूर्वजांना गावच्या पाणवठ्यावर हात लावू दिला जात नव्हता, त्याला एकाच भाकरीतला तुकडा आणि एकाच पेल्यातला घोट या विधीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या परंपरेला मराठी वाणी दिली ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे नगर हीच त्यांची कर्मभूमी ठरली. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. मराठी ख्रिस्ती मंडळ्या जी भजने गातात त्यांतली कितीतरी त्यांची आहेत. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनच्या नोकरीचे बंधन सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ म्हणून एक मोकळे बंधुमंडळ उभारू पाहू लागले. ख्रिस्त हवा, पण त्याचा साहेबी पोशाख नको, हा त्यांचा आग्रह होता. जातिभेदाचे सोवळे मनातून किती सावकाश सुटते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रां’त ज्या प्रांजळपणे सांगितले आहे तसे दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला ठाऊक नाही. ज्या संताच्या नावाच्या नगरात मी राहतो, त्याच्याशी शेजारच्या मंडळीचे हे नाते आहे, हे किती शेजाऱ्यांना माहीत असेल?

या समाजावरील जुना आरोप असा की, हे लोक दुष्काळात पोटासाठी बाटले. या आरोपात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. १८७६ ते ७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनने अन्नछत्रे चालविली, अनाथ मुले सांभाळली, आणि त्यानंतर धर्मांतरितांची संख्या वाढली, हे खरे आहे. उपाशी माणसाला भाकर देणाऱ्याचा देव चांगला वाटला तर त्यात नवल करण्यासारखे काही नाही; नवल करायचेच तर त्याच गावात कोठारे भरलेली असताना त्याला उपाशी ठेवणाऱ्यांचे करावे. पण हा सारा वाद आपण क्षणभर बाजूला ठेवू. भाकरीसाठी धर्म धरला हे खरे असेल, तर भाकर दुसरीकडे मिळू लागताच हे लोक धर्म सोडून जायला हवे होते. आणि ती दुसरीकडे मिळण्याची सोय आपल्या कायद्याने १९५० सालापासून करून ठेवलेली आहे.

ती कशी, ते पाहू. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयीचा आदेश काढला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात अशी अट आहे की, हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीची समजले जाणार नाही. (इंग्रजी अमदानीतल्या १९३६ च्या आदेशातही भारतीय ख्रिस्ती वगळलेले होतेच.) १९५६ मध्ये या अटीत शिखांची भर पडली, १९९० मध्ये बौद्धांची. महाराष्ट्राला या दुसऱ्या दुरुस्तीचे महत्त्व सांगायला नको. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या बौद्ध बांधवांना केंद्राच्या सवलतींसाठी तब्बल ३४ वर्षे वाट पाहावी लागली. राज्याच्या सवलती त्यांना १९६० पासून मिळू लागल्या होत्या. ज्यांनी तो अन्याय सोसला त्यांना ख्रिस्ती शेजाऱ्याचे दुखणे समजावून द्यावे लागू नये. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित मात्र आजही या आदेशाच्या बाहेर आहेत. मंडल आयोगाने त्यांना इतर मागासवर्गांत धरले आणि त्या वाटेने काही सवलती मिळतात. पण अनुसूचित जातींची शिष्यवृत्ती, राखीव मतदारसंघ, अत्याचार-प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण ही दारे त्यांना बंद आहेत. २०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या प्रकरणात हेच सांगितले: जातीवरून शिवीगाळ झाल्याची त्याची तक्रार या कायद्याखाली चालू शकत नाही, कारण तो ख्रिस्ती आहे. शिवी देणाऱ्याला जात आठवते, कायद्याला आठवत नाही.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा महत्त्वाचा निवाडा १९८५ सालचा. सूसई नावाचा मद्रासमधला एक चर्मकार रस्त्याच्या कडेला बसून जोडे दुरुस्त करीत असे. सरकारने अशा कारागिरांना मोफत टपऱ्या दिल्या. त्याच्यासारखेच काम करणाऱ्यांना टपरी मिळाली, त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती झालेला होता. न्यायालय म्हणाले की, धर्मांतरानंतरही पूर्वीच्याच तीव्रतेची सामाजिक विकलता टिकून आहे, हे पुराव्याने दाखवावे लागेल. नुसती जात तीच आहे असे म्हणून भागणार नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्या माणसाची आरी, रापी आणि दिवसाची कमाई दिसते. बाप्तिस्म्याने त्यांतले काय बदलले असेल?

न्यायालयांच्याच दुसऱ्या निर्णयांकडे पाहिले की कोडे अधिक अवघड होते. धर्मांतराने जात नाहीशी होत नाही, तिला ग्रहण लागते, आणि माणूस मूळ धर्मात परतला की ग्रहण सुटते, अशा अर्थाचे विवेचन १९८४ च्या कैलाश सोनकर प्रकरणात आहे. २०१५ साली के. पी. मनू यांच्या प्रकरणात तर धर्मांतर आजोबांनी केलेले होते. नातू हिंदू धर्मात परतला, जातीने त्याला स्वीकारले, आणि त्याचा अनुसूचित जातीचा हक्क मान्य झाला. म्हणजे दोन पिढ्या ख्रिस्ती घरात काढल्यावरही जात शाबूत राहते, हे न्यायालयाला मान्य आहे. उलट, २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीतल्या एका तरुणीला वरिष्ठ लिपिकाच्या जागेसाठी अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र नाकारले गेले. आपण हिंदू आहोत असे ती म्हणत होती, परंतु ती बाप्तिस्मा घेतलेली आणि चर्चला नियमित जाणारी आहे असे आढळले. केवळ लाभासाठी धर्म सांगणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असे न्यायालयाने ठणकावले. ते म्हणणे चूक नाही. पण मी माझ्या विद्यार्थ्याला नेमका हाच सल्ला दिला होता, आणि देशात किती शिक्षक, किती कारकून, किती बाप हाच सल्ला सद्भावनेने देत असतील!

येथे एक विसंगती नजरेत भरते. प्रलोभनाने धर्मांतर घडविणे हा गुन्हा ठरविणारे कायदे ओरिसाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये केले, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ते वैध ठरविले, आणि पुढे इतर राज्यांनीही त्यांचा कित्ता गिरविला. प्रलोभन दाखवून श्रद्धा विकत घेऊ नये, हे तत्त्व मला मान्य आहे. मग ज्याला शिष्यवृत्ती, नोकरी आणि कायद्याचे संरक्षण हवे त्याने अमुक तीन धर्मांपैकी एकात राहावे, नसेल तर परतावे, ही अट प्रलोभन नव्हे तर काय? दुष्काळात मिशनऱ्याच्या हाती खिचडीचे भांडे होते. १९५० पासून सरकारच्या हाती त्याहून मोठे भांडे आहे. आणि ते समोर असूनही नेवाशाच्या त्या कुटुंबाने तीन पिढ्या धर्म सोडलेला नाही. पोटासाठी बाटल्याचा आरोप करणाऱ्यांनी या हिशेबाचे उत्तर द्यावे.

विरुद्ध बाजूचे दोन मुद्दे मात्र झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला असा की, ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, तर मग जातीची सवलत कशी मागता? याचे उत्तर चर्चनेच दिले पाहिजे, आणि ते देताना त्याने मान खाली घातली पाहिजे. तमिळनाडूत कॅथलिकांच्या स्मशानभूमीत दलितांसाठी वेगळी भिंत उभी राहिली. आपल्याकडे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक सहसा जुळत नाही. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली आपल्या धोरणपत्रात अस्पृश्यता चर्चमध्ये शिरल्याचे कबूल केले, ही कबुली उशिरा का होईना झाली. परंतु शीख आणि बौद्ध धर्मही जात मानत नाहीत, आणि त्यांच्या अनुयायांना सवलत देताना ही अडचण कोणाला वाटली नाही, ते योग्यच झाले. दुसरा मुद्दा वाटणीचा. वाटा तेवढाच आणि खाणारे जास्त, अशी भीती हिंदू आणि बौद्ध दलित तरुणांना वाटते, आणि नोकऱ्या आटत चाललेल्या काळात ती भीती रास्त आहे. माझे म्हणणे असे की, नव्यांना घेताना त्यांच्या संख्येइतका वाटाही वाढला पाहिजे. ५० टक्क्यांची मर्यादा आड येते म्हणावे, तर आर्थिक दुर्बलांचे १० टक्के २०१९ मध्ये तिच्या पलीकडे गेलेच, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ते मान्यही केले. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही नव्हे, आणि त्यांतही वसई, मुंबईकडील जुने कॅथलिक पुष्कळ. आकड्यांचा बाऊ करावा अशी ही स्थिती नाही.

न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या आयोगाने २००७ च्या अहवालात हा तिसरा परिच्छेदच काढून टाकावा असे सुचविले; त्या शिफारशीला आयोगाच्या सदस्य-सचिवांचा विरोध होता, हेही नमूद केले पाहिजे. अहवाल २००९ च्या अखेरीस संसदेपुढे आला आणि तेथेच थांबला. २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला गेला. त्याला दिलेली दोन वर्षे संपली आणि मुदतवाढ मिळाली. सूसईच्या निवाड्याला चार दशके झाली, पण न्यायालयाने मागितलेला पुरावा गोळा करण्याचे काम आयोगांच्या दप्तरातच फिरत राहिले आहे.

तो मुलगा पदवी घेऊन आता चाकणला एका कारखान्यात कंत्राटी पद्धतीने काम करतो. यंदा त्याची धाकटी बहीण प्रवेशासाठी आली होती. अर्ज तिने नेटका भरला होता. धर्माचा रकाना तेवढा कोरा होता. काय लिहायचे, असे तिने मला विचारले. मी या खेपेला काहीच सांगितले नाही. “घरी विचारून येते, सर,” असे म्हणून ती अर्ज घेऊन गेली. प्रवेशाची मुदत शनिवारी संपते.