मेंदूत वेदनेचा माग काढणारे मार्को लॉज्जा

कंबर वर्षानुवर्षं दुखते, तपासण्यांत मात्र दुखण्याइतकं काही सापडत नाही. मग घरचे हळूहळू म्हणू लागतात, "सगळे मनाचे खेळ." दुखणं सोसणाऱ्याला हा अविश्वास दुखण्याहून जास्त लागतो. मार्को लॉज्जा यांचं संशोधन मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

मॉन्ट्रियलहून बोस्टनला

लॉज्जा मूळचे इटलीचे. पीएचडी त्यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात केली. तिथल्याच रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्याची प्रसिद्ध प्रश्नावली मांडली होती. ठणकतंय, टोचतंय, जळजळतंय अशा शब्दांतून रुग्णाने आपल्या दुखण्याला लागू पडतील ते निवडायचे. वेदना मोजायची तर आजही मुख्य भिस्त रुग्णाच्या सांगण्यावरच असते. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मार्टिनोस सेंटरमध्ये लॉज्जा यांनी वेदनेच्या मुळाशी असू शकणारा दाह मेंदूत दिसतो का, याचा शोध सुरू केला.

मेंदूतले पहारेकरी

मायक्रोग्लिया या मेंदूतल्या संरक्षक पेशी. स्पेनच्या पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. मज्जातंतूला इजा झाली की या पेशी सक्रिय होतात, म्हणजेच दाह सुरू होतो, आणि त्या वेदना लांबवायला हातभार लावतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. जिवंत माणसाच्या मेंदूत ते कसं पाहायचं, हा खरा पेच होता.

वीस मिनिटांचा हिशेब

सक्रिय मायक्रोग्लियात टीएसपीओ नावाचं प्रथिन वाढतं, या गृहीतावर ही पद्धत उभी आहे. त्या प्रथिनाला चिकटणाऱ्या 'पीबीआर२८' या रेणूला किरणोत्सारी कार्बन-११ जोडतात, तो शिरेतून देतात आणि पेट स्कॅनने त्याचा माग घेतात. कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो, म्हणजे दोन तासांनी चौसष्टावा हिस्साच उरतो. त्यामुळे कार्बन-११ तयार करणारा सायक्लोट्रॉन जवळच हवा, आणि हा रेणू तयार होताच रुग्णही स्कॅनरवर हजर हवा.

त्याआधी रुग्णाची जनुकीय चाचणीही करावी लागते. काहींच्या टीएसपीओला हा रेणू जन्मतःच नीट चिकटत नाही. ते न तपासता तुलना केली, तर जनुकातला फरक दाह समजला जाईल.

थॅलॅमसमधली वाढ

लॉज्जा यांच्या गटाचा निबंध 'ब्रेन' या नियतकालिकात २०१५ साली आला. जुनाट कंबरदुखीचे १० रुग्ण आणि ९ निरोगी माणसं, एवढाच पसारा. पण शरीराकडून येणारे बहुतेक संवेदनसंदेश ज्या थॅलॅमसमधून पुढे जातात, तिथे रुग्णांमध्ये टीएसपीओ स्पष्टपणे वाढलेलं होतं.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मात्र निराळी. या रुग्णांमध्ये ज्यांचं टीएसपीओ जास्त, त्यांना वेदना तुलनेने कमी होती. म्हणजे ही वाढ नुसती बिघाडाची खूण नसून शरीराची सावरण्याची धडपडही असू शकते. सोपं उत्तर हाताशी असताना संशोधकांनी ही गुंतागुंत उघडपणे मांडली, याचं मला विशेष वाटतं.

२०१९ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या सहकाऱ्यांसोबत फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. इथे वाढ मेंदूच्या बाह्यपटलात, कॉर्टेक्समध्ये, दिसली. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर वेदना आणि थकवा, आणि 'काही झालेलं नाही' हे ऐकणं तर या रुग्णांच्या पाचवीलाच पुजलेलं. वेदनेपलीकडे जाऊन २०२२ मध्ये लॉज्जा यांच्या गटाने कोविड न झालेल्या लोकांचे टाळेबंदीनंतरचे स्कॅन टाळेबंदीआधी तपासलेल्या लोकांच्या स्कॅनशी ताडून पाहिले. त्यांतही टीएसपीओ वाढलेलं आढळलं.

या स्कॅनला काय कळत नाही

टीएसपीओ फक्त मायक्रोग्लियात नसतं. अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींतही असतं. २०२३ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मधल्या एका अभ्यासाने मुळालाच हात घातला. उंदरांच्या सक्रिय मायक्रोग्लियात टीएसपीओ वाढतं. अल्झायमरसारख्या आजारांनी गेलेल्या माणसांच्या मेंदूत मात्र प्रत्येक पेशीतली तशी वाढ दिसली नाही. तेव्हा स्कॅनवरची वाढ पेशींची संख्या वाढल्याचीही असू शकते.

म्हणून हा स्कॅन आज कंबरदुखीच्या निदानाची चाचणी नाही, आणि कुणी तसं सांगितलं तर मानू नये. सीएसएफ१आर आणि पी२एक्स७ या दुसऱ्या प्रथिनांना चिकटणारे रेणू ठिकठिकाणी तपासले जात आहेत. मायक्रोग्लियाची अधिक नेमकी ओळख पटवणारी खूण त्यांतून मिळते का, हे पाहणं सुरू आहे.