मिर-२११ नेमका कोणाच्या बाजूचा?

मायक्रोआरएनए करतो काय

जनुकातला मजकूर मेसेंजर आरएनएवर उतरतो आणि त्यावरून प्रथिन बनते. या दोन टप्प्यांच्या मध्ये मायक्रोआरएनए आडवा येतो. लांबी जेमतेम २२ अक्षरांची. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून तो मेसेंजरच्या शेवटाकडे आपल्याशी जुळणारी सहा-सात अक्षरे शोधतो. ती सापडली की मेसेंजर मोडीत निघतो, नाहीतर प्रथिन बनणे मंदावते. जुळणी एवढी तुटपुंजी, म्हणूनच एकटा मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर वचक ठेवू शकतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांचे सूत्रकृमीत मायक्रोआरएनए शोधून काढणारे काम १९९३ सालचे. नोबेल मिळायला २०२४ उजाडले.

रंगपेशीतला मुक्काम

मेलॅनोमा हा त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग. या पेशींची सूत्रे एमआयटीएफ या प्रथिनाच्या हाती असतात. ते टीआरपीएम१ हे जनुक चालू करते, आणि त्याच जनुकाच्या पोटात मिर-२११ हा मायक्रोआरएनए दडलेला आहे. मेलॅनोमा पसरू लागला की टीआरपीएम१ घटते, हे निरीक्षण जुनेच. साहजिकच प्रसार रोखण्याचे श्रेय त्या जनुकाला जात राहिले. पेशींच्या घुसखोरीला आवर घालणारा खरा गडी मिर-२११ आहे, हे २०१० मध्ये पुढे आले.

म्हणून त्याला सज्जन ठरवावे, तर २०१६ चे संशोधन आड येते. गाठीतून निघालेल्या रंगकणिका हाच मिर-२११ घेऊन शेजारच्या फायब्रोब्लास्ट पेशींत शिरतात आणि त्यांना गाठीच्या सोयीचे वागायला लावतात.

औषधापुढे

सुमारे निम्म्या मेलॅनोमांत बीआरएएफ जनुक बदललेले असते. २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हेम्युराफेनिब त्याच बिघडलेल्या प्रथिनाला रोखते. (भारतात तळपायावरचा मेलॅनोमा तुलनेने जास्त दिसतो, त्यात हा बदल कमी आढळतो.) गाठी झपाट्याने आक्रसतात, पण बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांनी आजार उलटतो. औषधाला न जुमानणाऱ्या पेशींत मिर-२०४ आणि मिर-२११ वाढलेले असल्याचे २०१८ मध्ये दिसले. दोघांना दाबल्यावर त्या पेशींची वाढ मंदावली. मिर-५७९-३पीचे उलटे: तो बीआरएएफलाच लक्ष्य करतो आणि प्रतिरोध वाढतो तसा कमी होतो.

दवाखान्यापर्यंत?

मिर-३४ए या दुसऱ्या एका मायक्रोआरएनएची नक्कल असलेले एमआरएक्स३४ हे औषध २०१३ पासून माणसांवर तपासले गेले. त्यात मेलॅनोमाचे रुग्णही होते. प्रतिकारशक्ती भडकल्याने गंभीर दुष्परिणाम झाले आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. शेकडो जनुकांना हात घालणारे औषध शरीरभर सोडण्यातली जोखीम तेव्हा उघडी पडली.