सांगाडा देणारं साधन घ्यावं का?
स्कॅफोल्डिंग साधन म्हणजे नव्या प्रकल्पाचे फोल्डर, सेटिंग्ज आणि सुरुवातीचा कोड एका आज्ञेसरशी तयार करून देणारा प्रोग्रॅम. त्याने पुढची देखभालही हलकी होते, असा समज सर्रास आढळतो. पण हे रोपवाटिकेतून रोप आणण्यासारखं आहे. अंगणात लावल्यावर खतपाणी आपलंच. टेम्प्लेट (तयार साचा) नंतर सुधारला, तरी आधी बनलेल्या प्रकल्पात ती सुधारणा सहसा आपोआप उतरत नाही. शिवाय साधनालाही आयुष्य असतं: २०१६ मध्ये आलेलं, रिॲक्ट या वेब-लायब्ररीसाठीचं, एके काळी जवळपास गृहीतच धरलेलं ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ हे साधन २०२५ मध्ये रिॲक्टच्याच चमूने नव्या ॲपसाठी निवृत्त केलं. वर्षाकाठी एखादाच प्रकल्प सुरू करणाऱ्या टीमला माझ्या मते जुन्याची नक्कल पुरते. वरचेवर नव्या सेवा उभारणाऱ्यांनी साधन जरूर घ्यावं. मात्र साचा कोण सांभाळणार, हे आधी ठरवावं.