कमान वर की खाली?

बदलापुरातल्या माझ्या गुरुजींची बंदिशींची वही त्यांच्या पश्चात माझ्याकडे आली. हातचे लिखाण, पेन्सिलीचे, ओळी दाटीवाटीने. मधल्या एका पानाचा वरचा भाग कसरीने खाल्लेला, त्यामुळे रागाचे नाव गेलेले. स्वर सगळे भूपाचे : सा रे ग प ध. मात्र 'सां ध' आणि 'प ग' या जोड्यांपाशी बारीक कमानी. त्या कमानी स्वरांच्या खाली आहेत, की खालच्या ओळीच्या वर? दोन ओळींत बोटभरही जागा नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये मोठी झेरॉक्स काढून आणली, तर कमानी नुसत्याच जाड झाल्या.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण पं. विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) यांच्या स्वरलिपीत कमानीची जागा म्हणजेच तिचा अर्थ. स्वरांच्या खाली कमान आली, तर तेवढे स्वर एका मात्रेत बसवायचे. वर आली, तर एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घ्यायची. पहिली कालाची खूण, दुसरी गळ्याची. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या लिपीत तर स्वराखालची छोटी कमान पाव मात्रा दाखवते. म्हणजे जुनी वही हाती आली की आधी ती कोणत्या घराची ते पाहावे. सम '×' अशी आणि खाली '0' अशी दाखवली असेल तर भातखंडे. समेला '1' आणि खालीला '+' असेल तर पलुस्कर. आमच्या वहीत '×' होता, तेवढे सुटले.

पाश्चात्त्य लेखनातही हीच पंचाईत आहे. तिथे एकाच उंचीच्या दोन स्वरांना जोडणारी कमान म्हणजे दुसरा स्वर पुन्हा न वाजवता पहिलाच लांबवणे. वेगवेगळ्या स्वरांवरची कमान म्हणजे ते न तोडता वाजवणे. आकृती एकच, म्हणून स्वरांची उंची पाहून ठरवायचे. तरीही बेथोव्हेनने 1809 साली छापलेल्या चेलो-पियानो सोनाटात (ओपस 69) एकाच स्वराच्या जोडीवर कमान काढून बोटांचे आकडे 4 आणि 3 असे दिले आहेत. स्वर पुन्हा वाजवायचाच नाही, तर बोट कशाला बदलायचे? त्याचा शिष्य कार्ल चेर्नी याचे म्हणणे, दुसरा स्वरही हलकेच ऐकू यावा. पियानोवादकांचा वाद आजही चालू आहे.

आमच्या पानात मोजदाद कामी आली. ताल त्रिताल, विभागात चार मात्रा. एका विभागात 'सां ध प ग' एवढे चारच स्वर, आणि दोन्ही जोड्यांना कमानी. त्या मात्रेच्या मानल्या तर विभाग दोन मात्रांतच संपतो, ताल मोडतो. शिवाय ध आणि ग यांच्याखाली अक्षर नाही, अवग्रह आहे. म्हणजे एकच अक्षर ओढत न्यायचे. तेव्हा इथे मींडच, कमान कुठेही पडलेली असो.

आणि मींड म्हटली की राग बदलतो. शुद्ध कल्याणाचा आरोह भूपासारखाच. अवरोहात निषाद आणि तीव्र मध्यम मींडेच्या पोटात दडून येतात. 'सां'वरून 'ध'वर घसरताना नी, 'प'वरून 'ग'वर येताना तीव्र म. ते लिहीत नाहीत, पण ऐकू येतात. कमान वाचली नाही, तर शुद्ध कल्याणाची बंदिश सरळ भूपात जमा होते. पेटीवर ही चूक कळणारही नाही, कारण पेटीला मींड नाहीच. आमच्याकडे अंबरनाथ-बदलापूरच्या घराघरांतल्या शिकवण्या पेटीवरच चालतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

अंतऱ्यात मात्र घोडे अडले. तिथे त्याच कमानी, पण विभागात सहा स्वर : 'सां ध प ग रे सा'. दोन जोड्या एकेका मात्रेत बसवल्या की चार मात्रा बरोबर भरतात. अक्षरेही प्रत्येक स्वराला वेगळी. इथे कमान मात्रेचीच, असे माझे मत. अर्ध्या मात्रेत, अक्षर बदलताना, मध्यम दाखवायला फुरसत नाही. माझे गुरुबंधू ऐकत नाहीत. त्यांच्या मते गुरुजी प-ग कधी कोरडा घेत नसत, मग लय काही का असेना. ते अंबरनाथला मींडेसह शिकवतात, मी बदलापूरला सरळ. वहीच्या त्या जागेवर आम्ही पेन्सिलीने एक लहान प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.