पत्र्याखालचे सोळा बार

खान्देशातल्या वरातीत डीजेच्या गाडीमागे नाचणारी मंडळी अख्ख्या गाण्यावर सारखीच नाचत नाहीत. कडवं चालू असतं तेव्हा पाय हलतात, हात वर जातात, कुणी मोबाइल काढून शूटिंग करतो. पण गाणाऱ्याचा आवाज थांबून नुसता ठेका उरला की नवरदेवाच्या मामापासून करवल्यांपर्यंत सगळे एकदम सुटतात. गाडीवरचा ऑपरेटर मुरलेला असेल तर तो हा तुकडा संपूच देत नाही. मागे घेतो, पुन्हा लावतो, पुन्हा मागे घेतो. वरात मंडपापासून दोनशे पावलांवर तासभर अडते ती अशी.

अमळनेरचा एक वीस वर्षांचा मुलगा लग्नाच्या हंगामात अशाच एका गाडीवर हेल्पर असतो. बेसचे खोके चढवायचे, केबली ओढायच्या, जनरेटरमध्ये डिझेल टाकायचं. एरवी कॉलेज, आणि रात्री रॅप. नाव छापू नका म्हणाला, कारण रॅपचं आईला माहीत आहे, वडिलांना नाही. हिप-हॉप कुठून आलं हे मला समजावून सांगताना त्याने सिनेमाचं नाव काढलं नाही, वरातीचंच उदाहरण दिलं. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत एक पार्टी झाली. शाळा सुरू होण्याआधी सिंडी कॅम्पबेल या मुलीला नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी तिने तिकीट लावून ती ठेवलेली. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. जमैकात जन्मलेला, मोठमोठ्या साउंड सिस्टिमच्या गोंगाटात वाढलेला. नाचणारे गाण्यातल्या नुसत्या ठेक्याची वाट बघतात हे त्याने हेरलं. पुढे तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवून तेवढाच तुकडा आलटून-पालटून लांबवायला लागला. त्या लांबलेल्या ठेक्यावर माइक घेऊन बोलणं सुरू झालं, त्याचं पुढे रॅप झालं. "आमना आप्पा तेच करस," असं तो म्हणतो. आप्पा म्हणजे गाडीचा मालक. आप्पांना हर्क ठाऊक नाही, पण त्यांचं बोट नेमकं त्याच ठिकाणी मागे येतं.

बाहेरच्याला पहिल्यांदा दिसतात ते याचे कपडे. खांद्यावरून दोन बोटं खाली उतरलेला टी-शर्ट, सहा खिशांची पँट, कानावर बारीक उतरत गेलेला केसांचा फेड, गळ्यात चंदेरी चेन. बूट फर्स्ट कॉपी, आणि तो ते लपवत नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एमसी स्टॅन फेब्रुवारी 2023 मध्ये 'बिग बॉस'चं सोळावं पर्व जिंकला, तेव्हा त्याच्या ऐंशी हजारांच्या बुटांची चर्चा गावोगाव झाली. अमळनेरच्या सलूनमध्येही त्याच्यासारखे केस मागणारी पोरं येऊ लागली. आमचा मुलगा त्यातलाच. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना त्याने हुडी घालून व्हिडिओ शूट केलाय. कामावर मात्र चेन काढून ठेवतो. केबल ओढताना अडकते.

कानाची गोष्ट वेगळी. मोबाइलमध्ये डिव्हाइन आणि नेझीचं 'मेरे गली में' आहे. हे गाणं 2015 चं, म्हणजे ते आलं तेव्हा हा प्राथमिक शाळेत होता. पुढे 2019 मध्ये 'गली बॉय' हा सिनेमा आला आणि चाळीत, झोपडपट्टीत राहणारा मुलगा रॅपर होऊ शकतो हे घराघरांत कळलं. दिल्लीची 'सीधे मौत' ही जोडी तो वेगासाठी ऐकतो, केंड्रिक लमार शब्द वाचत ऐकतो, अर्थ लागला नाही तर थांबून परत. मराठीतला एमसी मवाली त्याला 'स्वदेसी' या मुंबईच्या गटामुळे सापडला. आरेच्या जंगलावरचं त्यांचं 'वारली रिव्हॉल्ट' ऐकून आदिवासी पाड्यातलं म्हणणंही या ठेक्यावर बसतं हे त्याला कळलं. पण खरा धक्का अमरावतीच्या 100आरबीएचने दिला. अमरावतीचा मुलगा अमरावतीच्या बोलीत बोलून टीव्हीवर जातो, मग आपण मुंबईचं 'बंतै' कशाला म्हणायचं?

त्याचे पहिले दोन-तीन रॅप हिंदीत होते, तेही मुंबईच्या हिंदीत. त्यात लोकल होती, खाडी होती, पोलिसांची गाडी होती. मित्रांनी वाहवा केली. त्याने स्वतः महिनाभराने ऐकले तेव्हा काढून टाकले. या कलेचा एक कडक कायदा आहे: जे जगला नाहीस ते बोलू नकोस. बोललास तर समोरचा रॅपर भर मैफलीत उघडं पाडतो. लोकलचा पास कधी न काढलेल्या मुलाने लोकलवर बार, म्हणजे रॅपच्या ओळी, टाकायचे नाहीत. सुरत-भुसावळ लाइनच्या पॅसेंजरवर टाकले तर चालतील.

आता तो अहिराणीत लिहितो, आणि लिहिण्याआधी मोजतो. यूट्यूबवर 'टाइप बीट' मिळतात. एखाद्या नामवंत रॅपरच्या धाटणीचा तयार ठेका बनवून कुणीतरी ठेवलेला असतो. फुकट घेतला तर मधूनमधून बनवणाऱ्याच्या नावाची हाक ऐकू येते, आणि गाण्यातून पैसे कमवायचे तर रीतसर परवाना विकत घ्यावा लागतो. त्याचा आवडता ठेका मिनिटाला नव्वद ठोक्यांचा. चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे पावणेतीन सेकंदही पुरते नाहीत. सोळा बारांचं एक कडवं त्रेचाळीस सेकंदांत संपतं. एका बारात बारीक घरं सोळा. प्रत्येक घरात एक अक्षर भरलं तर सेकंदाला सहा अक्षरं तोंडातून जायला हवीत, आणि श्वास कुठे घ्यायचा हेही आधी ठरलेलं हवं.

ही घरं तो कॉलेजच्या चौकडीच्या वहीत आखतो. आडवी सोळा घरं, पहिलं, पाचवं, नववं आणि तेरावं घर जाड पेनाने. पाचव्या आणि तेराव्यावर स्नेअर वाजतो, म्हणजे ओळीतला जोराचा शब्द तिथे पडला पाहिजे. काही घरं मुद्दाम कोरी ठेवतो. नवखा रॅपर सगळी घरं भरतो आणि चौथ्या बारला धापा टाकतो. मामाच्या भजनी मंडळात टाळ धरून वाढल्यामुळे केरवा याच्या हातात आहे. आठ मात्रांचा केरवा आणि हा चार ठोक्यांचा बार एकमेकांत सहज बसतात. मांडीवर हात मारत तो ओळ म्हणतो, अडखळला की शब्द खोडतो, पुन्हा म्हणतो. एका ओळीला अर्धा तास जातो.

अहिराणीत यमक फार स्वस्त आहे. करस, जास, येस, पडस, मियस: क्रियापद ओळीच्या शेवटी आणा, यमक जुळलंच. सुरुवातीला याला वाटलं लॉटरी लागली. सोळाच्या सोळा ओळी 'स'वर संपल्या आणि ऐकताना चौथ्या ओळीपासून कंटाळा यायला लागला. आता त्याने स्वतःला बंदी घातली आहे. "क्रियापदवर ओय संपाडी का तिनं भजन व्हई जास, भाऊ." भजनाला हे चालतं, कारण तिथे मागचे लोक ओळ झेलून परत म्हणतात. इथे मागे कुणी नाही. म्हणून शेवटी नाम आणायचं, आणि यमक ओळीच्या पोटात, दोन-तीन अक्षरांचं, कानाला लागेल पण डोळ्याला पटकन दिसणार नाही असं.

त्याची मला सगळ्यात आवडलेली जागा अशी: "गाव करोडपतीसनं, मनं घर पत्रासनं." अमळनेरबाहेरच्या वाचकाला यातली मेख सांगायला हवी. आज जगभर पसरलेली विप्रो 1945 साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने. त्या काळी ज्यांनी थोडेबहुत शेअर घेतले आणि विकले नाहीत, त्यांच्या घरी पुढे कोटींनी पैसा आला. करोडपतींचं गाव म्हणून अमळनेरच्या बातम्या होतात त्या यामुळे. या मुलाचे आजोबा प्रताप मिलमध्ये होते. शेअर म्हणजे काय हे त्यांच्या कानावर गेलं असेल-नसेल. घरात कागद एकच आहे, रेशनकार्ड. गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पारावर हसत-हसत बोलली जाते, पण पाच शब्दांत ती कुणी बसवली नव्हती. पुढची ओळ: "पानी पडनं का फुकट बीट मियस रातनं." पाऊस आला की पत्रा वाजतो, ठेका फुकट.

तोच पत्रा रेकॉर्डिंगला वैरी आहे. स्टुडिओ म्हणजे मागची खोली, मोबाइलवर बँडलॅब हे फुकटचं ॲप आणि इअरफोनचा माइक. भिंती सपाट, वर पत्रा, त्यामुळे आवाज घुमतो. उपाय जुनाच: खाटेवर उकिडवं बसायचं आणि डोक्यावरून गोधडी घ्यायची. कापसाची जाड गोधडी घुमारा पिऊन टाकते. गोधडीच्या आत उन्हाळ्यात दोन टेकच्या वर टिकता येत नाही. पंखा लावता येत नाही, त्याची घरघर येते. पावसाळ्यात पत्रा बोलायला लागला की काम बंदच. मग रात्री अकरानंतर, शेजारचा टीव्ही गेल्यावर, पण वडील झोपलेले असल्यामुळे दबक्या आवाजात. आणि दबक्या आवाजात रॅपचा जोर येत नाही. शेवटी त्याने दुपारची वेळ धरली, वडील कामावर आणि गल्ली सुस्तावलेली.

एक टेक मुख्य. मग त्यावर दुसरा टेक, फक्त ओळींच्या शेवटच्या शब्दांचा, म्हणजे तिथे आवाज दुप्पट होतो. मग मधली कोरी ठेवलेली घरं भरायची: 'हां', 'भो', एखादं हसू. याला ॲड-लिब म्हणतात. वहीत ज्या जागा रिकाम्या दिसत होत्या त्या याच्यासाठी होत्या, हे मला तेव्हा कळलं. एकदा गोधडीबाहेर पाऊस सुरू झाला तर त्याने चिडायचं सोडून मोबाइल पत्र्याखाली धरला. ती तडतड त्याने कापून, बारीक करून करोडपतींच्या ओळीखाली टाकली आहे. ऐकणाऱ्याला ती वेगळी काढता येत नाही, ओळ मात्र ओली वाटते.

त्यानंतर तीन परीक्षा. पहिली इअरफोनवर, तिथे सगळंच छान वाटतं. दुसरी मोबाइलच्या स्पीकरवर, कारण ऐकणारे बहुतेक तसंच ऐकणार. एवढ्याशा स्पीकरमधून खालचा बेस निघतच नाही. बेस थोडा फाडला, म्हणजे त्यात मुद्दाम खरखर आणली, की वरचे सूर तयार होतात आणि कान खालचा सूर आपोआप धरतो. तिसरी परीक्षा आप्पांच्या गोडाउनमध्ये, हंगाम नसताना, अठरा इंची बेसवर. तिथे सत्य कळतं. पहिल्यांदा त्याने आपलं गाणं लावलं तेव्हा आप्पा हिशेबाच्या वहीतून मान न काढता म्हणाले, "कोठे शे तुना आवाज? नुसतं धबधब ऐकू ई ऱ्हायनं." खालच्या सुरांनी शब्द खाल्ले होते. आप्पांनी मिक्सरवर लो थोडा उतरवला, मिड चढवला आणि शब्द पुढे आले. वरातीत नवरदेवाच्या नावाची घोषणा ऐकू यावी म्हणून ते वर्षानुवर्षं हेच करत आलेत. घरी जाऊन याने तेच ॲपवर केलं.

गाणं बाहेर पडलं तेव्हा पहिला फोन आला सुरतहून. उधना, लिंबायत या भागांत खान्देशी घरं दाट आहेत. इथलं जवळजवळ प्रत्येक कुटुंब तिकडे एखादा भाऊ, एखादा काका पाठवून बसलेलं असतं. चुलतभावाने गाणं कारखान्यातल्या पोरांना ऐकवलं आणि विचारलं, पत्र्यावर अजून काय आहे? अमळनेरात मात्र सगळ्यांना रुचलं असं नाही. अहिराणी गाणं म्हणजे नाचायचं, हसायचं, पोरीच्या झुमक्याचं, अशी सवय कानाला आहे. 2 ते 4 फेब्रुवारी 2024 ला गावात सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही झालं. गाव आठवडाभर साहित्याने भरलेलं होतं. हा तेव्हा खुर्च्या आणि स्पीकर लावायच्या कामावर होता. मोठ्या मंडपातले कवी त्याने मिक्सरच्या मागून ऐकले. त्याच्या मते काही चांगले होते, पण "ठोका सोडी देतस", म्हणजे ठोक्यावरून घसरतात.

तरीही माझ्या मते हा मुलगा जे शिकतोय ते त्या संमेलनाच्या कामापासून फार लांब नाही. ब्राँक्सहून आलेल्या कलेने त्याला रॅपसाठी इंग्रजी नाव दिलं, ढगळ टी-शर्ट दिला, हुडी दिली. त्याच कलेने त्याला आजोबांच्या मिलची, रेशनकार्डाची आणि पत्र्याची दखल घ्यायला लावलं, कारण खोटं बोललास तर पकडला जाशील हा तिचा पहिला नियम आहे. शाळेत निबंधाला 'माझे गाव' विषय होता, तेव्हा त्याने बोरी नदी आणि सखाराम महाराजांची यात्रा एवढंच लिहिलं होतं. पुढचं कडवं कापसावर आहे आणि चार ओळींनंतर अडलं आहे. कापूस विकायला नेला की काटा कसा मारतात, ओलावा किती धरतात, कट्टी कशी कापतात, हे त्याला नीट माहीत नाही. म्हणून येत्या हंगामात तो मामाच्या ट्रॅक्टरवर बसून जिनिंगला जाणार आहे, वही घेऊन.