घराचे कागद नेमके कोणी पाहिले?

गेल्या खेपेला आपण शब्दप्रमाणाविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, आम्ही पहिलं घर घेतोय. वकील म्हणतात टायटल क्लियर आहे. हे शब्दप्रमाण धरायचं का?" सभागृहात हशा पिकला, आम्हीही हसलो. पण घरी जाताना जाणवलं, की इतका नेमका प्रश्न वर्गात आम्हाला फार थोड्यांनी विचारला असेल. आजचं बोलणं त्या प्रश्नावर. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर, कायद्याचे नव्हे, एवढं लक्षात ठेवून ऐका.

नैयायिकांनी आप्ताचं वचन प्रमाण मानलं. इथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. वात्स्यायनाच्या भाष्यात दोन अटी येतात. त्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणलेली हवी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा हवी. गंमत म्हणजे हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ अशा सगळ्यांना सारखंच लागू आहे, असं भाष्यकार सांगतो. म्हणजे हुद्दा, पदवी, काळा कोट यांनी कुणी आप्त ठरत नाही. कागद पाहिला असेल, तर त्या कागदापुरता तो आप्त.

आता प्रत्यक्षात काय होतं बघा. आमच्या भाचीने पुण्यात रीसेलचा फ्लॅट घ्यायचं ठरवलं. वकील ओळखीतून आले, अर्धी फी आगाऊ दिली. मग तीन आठवडे फोन उचलला जाईना. नोंदणीला दोन दिवस उरले तेव्हा व्हॉट्सॲपवर तीन पानी अहवाल आला. शेवटच्या ओळीत, मालकी हक्क निर्वेध व विक्रीयोग्य. भाचीचा जीव भांड्यात पडला. आम्हाला प्रबंध तपासायची जुनी खोड, म्हणून चष्मा लावून वाचायला बसलो, तर दुसऱ्या पानावर मिळकतीच्या वर्णनात भलत्याच गावाचा सर्व्हे नंबर! कुणा दुसऱ्याचा अहवाल उचलून त्यातली नावं तेवढी बदलली होती. शोध घेतल्याची पावतीही जोडलेली नव्हती. भाचीने फोन केला तर उत्तर आलं, "टायपिंग मिस्टेक आहे हो मॅडम, बाकी सगळं ओके."

नोंदणी पुढे ढकलली. विकणारे चिडले, टोकनचे पैसे बुडतात की काय ही धास्ती, घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या वकीलबाईंनी पाच दिवसांत शोध घेतला, आणि त्याच फ्लॅटवर दोन वर्षांपूर्वी काढलेल्या कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन सापडली. मूळ करारनामा बँकेत गहाण होता. कागदपत्रं ठेवून केलेल्या अशा गहाणाची सूचना दुय्यम निबंधकाकडे दाखल करणं महाराष्ट्रात २०१३ पासून बंधनकारक आहे. म्हणजे ती काही लपलेली नव्हती. कुणी पाहिलंच नव्हतं, इतकंच.

खरी अडचण इथे आहे. चांगल्या अहवालाचा आणि वाईट अहवालाचा निष्कर्ष अक्षरशः एकच असतो. रंगाऱ्याने काम वाईट केलं तर भिंत दाखवते. इथे दोष कळतो तो दहा वर्षांनी, तुम्ही घर विकायला काढता तेव्हा. आणि निष्कर्ष खरा निघाला तरी काम वाईट असू शकतं. आपल्या तर्कग्रंथांतला दाखला आठवा. डोंगरावरच्या धुक्याला धूर समजून एक जण म्हणतो, तिथे आग आहे, आणि योगायोगाने आग असतेही. त्याला ज्ञान झालं का? तुमच्या वकिलाने काही न पाहता 'क्लियर' म्हटलं आणि ते खरं निघालं, तर तुम्ही फी कशाची दिली?

म्हणून अहवाल शेवटाकडून वाचू नका. काय काय पाहिलं, ते आधी वाचा. शोध किती वर्षांचा घेतला? रूढी तीस वर्षांची आहे. कोणत्या दुय्यम निबंधक कार्यालयांत घेतला, पावती कुठे आहे? पहिल्या खरेदीपासून आजच्या मालकापर्यंतच्या करारनाम्यांची साखळी सलग आहे का? सोसायटीच्या नावे जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का? हे प्रश्न काम देतानाच ईमेलने विचारावेत, मुदतही त्यातच लिहावी. तोंडी बोललेलं नंतर कुणाला आठवत नाही.

दोन समजुती मात्र सोडा. "बँकेने लोन दिलं, म्हणजे कागद बरोबर." बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी पाहतो, तुमच्यासाठी नव्हे. दुसरी, "सातबाऱ्यावर नाव आहे ना." सातबारा आणि फेरफार या महसुली नोंदी आहेत. त्यांनी मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलंय. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे नोंदणी झालेला दस्त खरेदीदाराला ठाऊक होता असंच सामान्यतः धरलं जातं. "वकिलाने सांगितलं नाही" हे त्या दस्तावर हक्क सांगणाऱ्यापुढे चालत नाही.

बरं, सेवा वाईट मिळालीच तर? आधी मुद्देसूद लेखी पत्र. कोर्टात वकीलपत्र दाखल नसल्यामुळे दुसरा वकील नेमायला पहिल्याची परवानगी लागत नाही. "फी पूर्ण द्या, मग कागद देतो" असं कुणी अडवलं तर घाबरू नका. फीसाठी अशिलाची फाईल अडवून ठेवण्याचा वकिलाला हक्क नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे.

पुष्कळ जण थेट ग्राहक आयोगाकडे जायचं म्हणतात. तो रस्ता आता बंद आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीची तक्रार ग्राहक संरक्षण कायद्याखाली चालणार नाही. हा निकाल वकिलांपुरता आहे, बिल्डर त्याचा आधार घेऊ शकत नाही. आम्हाला व्यक्तिशः तो पटलेला नाही. अशील वकिलाला नेमतो हे खरं, पण पहिलं घर घेणाऱ्याचं त्याच्या कामावर नियंत्रण कितीसं असतं? असो. उरतात दोन वाटा. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा, आणि गैरवर्तन असेल तर अधिवक्ता कायदा, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार. तिथे ताकीद मिळू शकते, सनद निलंबित होऊ शकते. फी परत मिळवण्याची ती जागा नव्हे. फौजदारीची भाषा तर जपूनच करावी. गृहकर्जांसाठी मालकीबद्दल चुकीचं मत देणाऱ्या एका वकिलाचं प्रकरण २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. कटात सामील असल्याचा ठोस पुरावा नसेल तर केवळ चुकलेल्या मतासाठी खटला चालवता येणार नाही, फार तर निष्काळजीपणा किंवा व्यावसायिक गैरवर्तन म्हणता येईल, असं न्यायालयाने म्हटलं.

भाचीने पत्र लिहिलं, २००० सालच्या निकालाचा उल्लेख करून. फाईल दुसऱ्याच दिवशी आली, फी काही आली नाही. बार कौन्सिलकडे जावं असं आमचं मत होतं. ती म्हणाली, "मामा, मला आता फक्त घर हवंय." तिच्या बँकेने कर्जाचा धनादेश थेट विक्रेत्याच्या बँकेच्या नावे काढला, मूळ करारनामा सुटून हातात आला, आणि मगच नोंदणी झाली. सही करण्यापूर्वी तिने दस्तातला सर्व्हे नंबर आम्हाला दोनदा मोठ्याने वाचायला लावला.